तीळ की बदाम

आमच्या बँडचे मास्तर लोकांच्या डोक्याचा वास घेत. कर्जतच्या बाजारात ओळखीचं कुणी भेटलं की रामराम करता करता ते किंचित पुढे झुकायचे, नाकपुड्या फुगवायचे आणि समोरच्याच्या केसांतल्या तेलाची जात, वय आणि लबाडी सांगून मोकळे व्हायचे. कचेरीतल्या एका कारकुनाला त्यांनी भर रस्त्यात सांगितलं होतं, की तुमच्या गुलाबाच्या तेलात गुलाब नावापुरता आहे, बाकी सगळा शेंगदाणा. कारकून भडकला. पण दुसऱ्या दिवशी दुकानदाराशी भांडायला निघाला तो मास्तरांना सोबत घेऊनच.

मला त्या नाकाची आधी लाज वाटायची, मग सवय झाली आणि पुढे पुढे तर मी त्याच्या बढाया मारू लागलो. दिवसा मी बाजारात शिंपीकाम करायचो आणि लग्नसराईत मास्तरांच्या डाव्या हाताला उभा राहून दुसरं क्लॅरिओनेट वाजवायचो. पहिलं अर्थातच त्यांचं. खालापूरपासून कळंबपर्यंत ज्या लग्नात आमचा बँड नसेल ते लग्न धड झालंच नाही, असं आम्ही म्हणायचो, आणि खरं सांगायचं तर लोकही बऱ्यापैकी तसंच म्हणायचे. ढोल काय, कुणीही बडवला असता. पण त्या काळ्या लाकडाच्या नळीतून मास्तर जो सूर काढायचे, तो ऐकायला ठाकुरवाडीची माणसं डोंगर उतरून खाली यायची. लोक त्या वाद्याला ‘काळी पिपाणी’ म्हणत. मास्तरांना ते नाव मुळीच खपत नसे. ते त्याला नुसतं ‘लाकूड’ म्हणायचे, आणि एखाद्याने मुलाचं नाव घ्यावं तशा आवाजात म्हणायचे.

ते लाकूड परमुलखातलं. त्याला आमची हवा कुठून मानवणार? आमच्याकडे चार महिने भिंती पाझरतात, चुलीशेजारची मिठाची बरणीसुद्धा ओली होते. आणि मार्गशीर्षात घाटावरून कोरडा वारा उतरला की ओठ फुटतात. लाकूडही तसंच फुगतं आणि आखडतं, आणि एक दिवस त्याला केसासारखी बारीक चीर जाते. त्या चिरेतून हवा निसटली की सूर गेला. मग ती नळी चुलीत घालायच्याच लायकीची. यावर उपाय एकच, की लाकडाच्या आत वेळेवर तेल मुरलं पाहिजे. हे वाजवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. पण कुठलं तेल? या एका प्रश्नापायी मास्तरांनी अख्खं आयुष्य पणाला लावलं होतं, आणि त्याचा त्यांना यत्किंचितही पश्चात्ताप नव्हता.

जे भेटेल त्याला ते तेलाबद्दल विचारायचे. आमच्या स्टेशनात गाडी घाटावर चढवायला मागून जादा इंजिन लावत. तिथल्या एका फिटरने मोठ्या प्रेमाने त्यांना इंजिनाचं तेल डबाभर आणून दिलं. मास्तरांनी त्याला चहा पाजला, डबा परत दिला आणि समजावलं की हे लोखंडाचं तेल आहे, लोखंडाला तहान नसते. कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या वरच्या वाडीतली एक ठाकर म्हातारी बाजाराला येताना मोहाच्या बियांचं तेल आणायची. मास्तरांनी ते ओंजळीत घेऊन हुंगलं, जिभेवर ठेवलं, ओठांना चोळलं. कुठलंही तेल लाकडाच्या आधी ते आपल्या ओठांना लावून बघत. म्हातारीने आपल्या बोलीत विचारलं, की बाबा, तू हे खाणार आहेस का लावणार आहेस? मास्तर म्हणाले, वाजवणार आहे. तेव्हापासून ती दर बाजाराला माझ्या दुकानापाशी थांबून, तेल वाजवणारा माणूस जिवंत आहे ना, म्हणून चौकशी करायची.

मोहाचं तेल थंडीत तुपासारखं थिजलं. खोबरेलाचंही तेच. एका पहाटेच्या वरातीत आमच्या एका गड्याच्या वाद्यात खोबरेल असं गोठलं, की त्याच्या चाव्या दाबल्या तर वर येईनात. करंजाचं तेल इतकं कडू आणि उग्र, की ते ओठांना लावलं त्या भाऊबिजेला मास्तरांच्या बहिणीने त्यांना ओवाळताना नाकाला पदर लावला. एरंडेल चिकट. शेंगदाणा खवट होतो. जवसाचं नाव काढलं की मास्तर उठून अंगणात जायचे. जवसात काय वाईट आहे ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

होता होता दोनच तेलं उरली, तीळ आणि बदाम. तिळाचं खालापूरच्या घाण्यावर डोळ्यांदेखत काढून घ्यायचं. बदामाचं मिळायचं एका कोकणी मुसलमान व्यापाऱ्याकडे. त्याचं कर्जतात सुक्या मेव्याचं आणि अत्तराचं दुकान होतं, आणि मास्तर त्याला चाचा म्हणायचे. चाचा सभ्य माणूस. बदाम तेलाची बाटली तो मास्तरांसमोर उघडायचा आणि त्यांचं नाक काय म्हणतं याची परीक्षेला बसलेल्या मुलासारखी वाट बघायचा. या दोन तेलांत मास्तर कायमचे अडकले. पावसाळ्यात तीळ बरं म्हणायचे, थंडीत बदाम. बँडमधल्या लोकांनी त्यांची ‘तीळ की बदाम’ म्हणून थट्टा चालवली होती. कुणाला लवकर ठरवता येईना, की बाकीचे म्हणायचे, याचंही तीळ की बदाम झालं.

मास्तरांचं घर बघायला मी पाहुण्यांना मुद्दाम घेऊन जायचो. पडवीच्या वाशांना काळ्या लाकडाचे बोटभर लांबीचे तुकडे दोऱ्यांनी टांगलेले असायचे. दोरे माझ्याच दुकानातले. तांबडा खोबरेलाचा, हिरवा करंजाचा, पांढरा तिळाचा, पिवळा बदामाचा. काही तुकडे चुलीवरच्या धुरात, काही पागोळीखाली पावसाच्या तोंडावर. रोज सकाळी मास्तर एकेका तुकड्यावर नखाने टिचकी मारायचे आणि कान लावून ऐकायचे. म्हणायचे, “लाकूड मेलेलं नसतंय रं, तोडलेलं असतंय. त्याला इचारलं की सांगतं.” आमच्यातला एक शहाणा म्हणाला, हे तुकडे आले कुठून? मास्तरांनी पुढच्या तुकड्यावर टिचकी मारली.

त्यांच्या कोटाला आतून, छातीच्या बाजूने, एक लांबट खिसा मी शिवून दिला होता. थंडीच्या दिवसांत वाजवायच्या आधी ते वाद्याची वरची नळी त्या खिशात घालून अंगाच्या उबेला ठेवत. थंडगार लाकडात गरम श्वास फुंकला तर ते तडकतं, असं त्यांचं ठाम म्हणणं. खालापूरकडच्या एका लग्नात नवरदेव वेशीवर येऊन उभा राहिला, सवाष्णी आरत्या घेऊन ताटकळल्या, यजमान ओरडू लागला, आणि मास्तर दोन्ही हात छातीवर धरून शांत उभे. यजमानाने विचारलं, छातीत दुखतंय का? मास्तर म्हणाले, नाय, लाकूड गार हाय. सगळी वरात त्या लाकडाला ऊब येईपर्यंत थांबली. मी त्यांच्या शेजारी ताठ उभा होतो. राजाच्या शेजारी उभं राहिल्यावर वाटत असेल, तसंच मला वाटत होतं.

आता वहिनींबद्दल सांगितलं पाहिजे. वहिनी म्हणजे मास्तरांच्या पत्नी. बुटक्या, गोऱ्या, कमी बोलणाऱ्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. माणसं घरी आली की त्या चहा ठेवायच्या आणि आत जाऊन बसायच्या. घरात पाय ठेवायला जागा नाही अशा तेलाच्या बाटल्या, वर ते लोंबते तुकडे. पण त्यांनी कधी तक्रार केलेली मी ऐकली नाही. मास्तर कुठे वाजवतात, कसं वाजवतात, हे बघायलाही त्या कधी आल्या नव्हत्या.

त्या वर्षी कळंबच्या एका मोठ्या जमीनदाराकडे मार्गशीर्षात मुलीचं लग्न ठरलं. मुलगा पुण्याचा, आणि वरपक्ष आपल्याबरोबर पुण्याचा बँड आणणार होता. म्हणजे सीमांतपूजनाला दोन बँड समोरासमोर. जमीनदाराने मास्तरांना बोलावून स्पष्टच सांगितलं, की गावची लाज तुमच्या हातात आहे. त्याने सांगितलं नाही ते आम्हाला कळत होतं. तालुक्यातल्या बड्या घरांत पुण्या-पनवेलचे बँड आणायची हौस सुरू झाली होती. कळंबला आमची फजिती झाली असती तर पुढच्या सराईत आम्हाला कुणी दारात उभं केलं नसतं. आणि फजिती व्हायला कारण होतं. मास्तरांच्या वाद्याच्या वरच्या नळीचा आवाज वर्षभर कोरडा येत होता. खर्जात धूळ बसल्यासारखा. मी ते ऐकत होतो आणि त्यांना विचारायचं धाडस होत नव्हतं, की एवढी तेलं तुमच्या घरात असताना हे असं का?

नरक चतुर्दशीला सकाळी मी फराळाला म्हणून त्यांच्याकडे गेलो. दर दिवाळीच्या आधी मास्तर वाद्याच्या सगळ्या चाव्या काढायचे, पुसायचे आणि उघडं लाकूड सुपात फडक्यावर मांडून ठेवायचे. त्या दिवशी पडवीत पाय ठेवला तो मास्तर खांबाला धरून उभे. केस ओले, अंगाला उटण्याचा वास, आणि चेहरा पांढरा पडलेला. समोर पाट मांडलेला, पाटाभोवती रांगोळी, पुढे फोडलेलं कारीट. आणि पाटावर ओळीने क्लॅरिओनेटचे सुटे लाकडी भाग, न्हाऊन माखून, पाण्याने निथळत. वहिनी त्यांना निरांजनाने ओवाळत होत्या.

वहिनींनी त्या लाकडाला अभ्यंगस्नान घातलं होतं. घरात करतात तसं नागरमोथा टाकून उकळलेलं तिळाचं तेल, कोमट करून, आतबाहेर हाताने चोळून. मग उटणं. मग वर ऊन पाण्याचे तांबे. लाकडाच्या भोकाभोकांत उटण्याचा चिखल बसला होता. पाण्याचा थेंब लागू नये म्हणून जो माणूस पावसात स्वतः भिजून वाद्य छत्रीखाली धरायचा, त्याच्या वाद्यावर तांब्याने पाणी ओतलं गेलं होतं.

मला वाटलं, आता हा माणूस काही तरी भलतंच करून बसणार. पण मास्तरांच्या तोंडून एवढंच निघालं, “अगं, काय केलंस हे?”

वहिनींनी निरांजन खाली ठेवलं. त्या इतकं बोलतात हे मला त्या दिवशीच कळलं. म्हणाल्या, “घरात सनाला सगळ्यांच्या डोक्याला तेल लागतंय, याच्याच नाय. इतकी वर्सं तुमी त्या तुकड्यांना तेल पाजताय. पोर मातर कोरडं ठेवलंत. मी बघत नाय काय? एक डाव तरी थेंब लावलाय तुमी त्याला?”

मास्तर पाटाशेजारी बसले. मग त्यांनी खालमानेने, माझ्याकडे न बघता, जे सांगितलं त्याने मी सर्द झालो. मोठ्या लढाईत ते पलटणीच्या बँडबरोबर इराकात, बसऱ्याकडे गेले होते. तिथल्या रखरखाटात त्यांनी आपल्या पहिल्या वाद्याला, भरपूर तेल प्यालेलं बरं म्हणून, जवसाचं तेल लावलं. जवस आतल्या आत वाळून डिंकासारखं घट्ट बसलं आणि काही दिवसांत ती नळी वरून खालपर्यंत तडकली. पडवीत टांगलेले तुकडे त्याच वाद्याचे. तेव्हापासून तेलं त्यांनी शोधली, हुंगली, चाखली, तुकड्यांवर वर्षानुवर्षं पारखली. पण या लाकडाला लावायची वेळ आली की हात थांबायचा. तीळ की बदाम, हा घोळ तेलाचा नव्हताच. सगळ्या तालुक्याला तेलाची अक्कल सांगणाऱ्या या माणसाने आपल्या वाद्याला भीतीपोटी एक थेंबही लावलेला नव्हता. मला त्यांचा राग आला नाही. उलट, इतकी वर्षं ती भीती पोटात ठेवून वेशीवेशीवर ताठ उभं राहणं केवढ्या हिमतीचं काम आहे, ते जाणवून त्यांच्याबद्दल माया दाटून आली.

मग दोघं नवराबायको कामाला लागले. मी दुकानातली सर्वांत बारीक सुई आणून दिली. मास्तर एकेका भोकातलं उटणं टोकरायचे आणि वहिनी जुन्या लुगड्याच्या मऊ धडप्याने पुसायच्या. लाकूड फुगलं होतं, वरची नळी खालच्या नळीत शिरेना. टिचकी मारली की ठस्स आवाज यायचा. मास्तरांनी ते चुलीजवळ नेलं नाही, उन्हात ठेवलं नाही. पडवीतल्या सावलीत फडक्यावर ठेवलं, रोज कुशी बदलून. कळंबच्या लग्नाला फार दिवस नव्हते. बँडमधल्या एकाने सुचवलं की मुंबईहून कुणाचं तरी वाद्य मागून आणू. मास्तर म्हणाले, “मागून आनलेल्या तोंडानं कोन गातं रं?”

तुळशीचं लग्न होऊन गेलं. एका सकाळी मास्तर मला बोलवायला स्वतः दुकानात आले. मला घरी नेलं, वरची नळी माझ्या कानाशी धरली आणि टिचकी मारली. ठण्ण वाजलं. त्यांनी पुन्हा मारली, पुन्हा तेच. मग ते मला उलगडून सांगू लागले, आणि त्यांच्या आवाजात नवी विद्या मिळालेल्या माणसाचा आनंद होता. अभ्यंगात आधी तेल असतं आणि मग पाणी. वहिनींचं कोमट तेल लाकडात आधी शिरलं, म्हणून नंतरच्या पाण्याला आत जागाच उरली नाही. जे फुगलं ते वरवरचं फुगलं. आणि वाजवणाऱ्याचा श्वास म्हणजे तरी काय? ऊन पाणीच. त्याच्या आधी तेल मुरलं पाहिजे, ते वाजवणारे फासतात तसं पिसाने फासून मुरत नाही, हाताच्या उबेने मुरतं. मी विचारलं, मग आता बदाम? ते म्हणाले, चाचाला सांगून टाक, बदाम खायला पाठव.

कळंबला निघताना बैलगाडीत वहिनी आधीच बसलेल्या होत्या. पोराला न्हाऊ घातलंय, आता ऐकते तरी, असं त्या म्हणाल्या म्हणे. मास्तरांनी त्यांच्यासाठी गाडीत गवत जास्त घातलं होतं.

कळंबच्या वेशीवर पहाटेपासून गारठा होता. पुण्याचा बँड तांबड्या कोटात, पितळी बटणं चकाकत. त्यांच्या म्होरक्याचं क्लॅरिओनेट नवंकोरं, चाव्या चांदीसारख्या. त्यांनी आधी वाजवलं आणि छान वाजवलं, खोटं कशाला सांगू. गावातली माणसं आमच्याकडे काळजीने बघू लागली. जमीनदार मिशा चावत होता. मास्तरांनी छातीशी धरलेली नळी हळूच काढली, जोडली, तोंडाजवळची वेताची पत्ती ओठांत धरली. मी त्यांच्या डाव्या हाताला होतो. पहिला सूर निघाला तो खर्जाचा, तोच जो वर्षभर कोरडा वाजत होता. इतका भरदार आणि ओला सूर मी त्या लाकडातून पूर्वी ऐकला नव्हता. मास्तरांनी तो सोडलाच नाही. धरून ठेवला, वाढवला, मग वर नेला, आणि पुन्हा खाली आणून ठेवला तो सवाष्णींच्या आरत्यांच्या पुढ्यात. मी दुसरा सूर धरायचा विसरलो आणि तसाच उभा राहिलो. आमचा ढोलवाला रडत रडत ढोल वाजवत होता. पुण्याच्या बँडने आपली वाद्यं खाली केली, आणि नवरदेव आत गेला तो आमच्या सुरावर.

पूजन आटोपल्यावर पुण्याचा म्होरक्या आमच्याकडे आला. वयाने मोठा, जाणता माणूस. त्याने मास्तरांना नमस्कार केला, वाद्य हातात मागून घेतलं, वरची नळी डोळ्याला लावून आतून बघितली. मग म्हणाला, “लाकूड फार छान राखलंय. तेल कोणतं वापरता?”

आम्ही सगळे पुढे सरकलो. जमीनदारही थांबला. या प्रश्नासाठी मास्तर जन्मभर तयार होते. आता निदान दुपारचं जेवण तरी थंड होणार, याबद्दल आम्हाला शंका नव्हती. मास्तरांनी घसा साफ केला. वळले आणि बायकांच्या घोळक्याकडे बोट करून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “ते हिला इचारा.”

वहिनी गडबडून आंब्याच्या बुंध्याआड सरकल्या. बायकांनी त्यांना पुढे ढकललं. पुण्याच्या माणसाने टोपी काढून त्यांना नमस्कार केला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. वहिनींनी एकदा मास्तरांकडे बघितलं, पदर सावरला आणि जमिनीकडे बघत सांगितलं, “तिळाचं. कोमट करायचं. आन् तान्ह्या पोराची टाळू भरतात ना, तसं हळूहळू भरायचं. जिरंल तेवढंच.”

म्होरक्या लक्ष देऊन ऐकत होता. त्याने टाळू रोज भरायची का, असंही विचारलं, आणि वहिनींनी त्याला नीट समजावून सांगितलं. मास्तर शेजारी उभे होते. बायकोच्या प्रत्येक शब्दाला ते मान डोलवत होते आणि वरातीतल्या एकेका माणसाकडे बघत होते, ऐकताय ना सगळे, म्हणून.